धरणावरचा पिंपळ

लग्न होऊन मी धरणावरच्या वसाहतीत आले तेव्हा माझ्याकडे काचेचा ग्लास एकच होता. मामाने आहेरात अर्धा डझन दिले होते, पण शेलूबाजारहून येताना जीपने असे काही दणके दिले की एकच वाचला. तो मी फळीवर पाहुण्यांच्या चहासाठी जपून ठेवला होता. त्याला कोणी हात लावला की माझं डोकं फिरायचं. घरात बाकी जपावं असं काही नव्हतं, म्हणून असेल.

आमचं धरण मातीचं. दोन टेकड्यांच्या मधे टाकलेली मातीची लांबच लांब भिंत, पाण्याच्या अंगाला दगड बसवलेले आणि दुसऱ्या अंगाला गवत. एका टोकाला सांडवा होता, म्हणजे धरण भरलं की जास्तीचं पाणी बाहेर काढून द्यायची वाट. मातीच्या भिंतीवरून पाणी वाहिलं तर भिंत राहत नाही, हे मला तिथे आल्यावर कळलं. खालच्या गावांना कालव्याचं पाणी मिळू लागलं होतं. त्यातल्याच एका गावात माझी नणंद दिलेली होती. तिच्या शेतात पहिल्यांदा गहू झाला तेव्हा तिने मोठ्या कौतुकाने पोतंभर पाठवला. सासूने तो निवडला, दळून आणला, आम्हाला पोळ्या करायला लावल्या आणि स्वतः ज्वारीची भाकर खाल्ली.

सासूचं गाव त्या पाण्याखाली गेलं होतं. वावर, घर, विहार, आणि सासऱ्यांनी नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर विहारापुढे लावलेला पिंपळ, सगळंच. सासरे आधीच गेले होते. त्यांच्या लेकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जमीन गेली म्हणून धरणावरच चौकीदाराची नोकरी मिळाली.

काम साधं होतं. भिंतीवरून चालत राहायचं. घुशींची, खेकड्यांची बिळं बुजवायची. कुठे बाभूळ उगवली तर ती मुळासकट उपटायची. पायथ्याशी ओल दिसते का ते बघायचं. वसाहतीतल्या बाया मला चिडवायच्या, "तुहा नवरा दिवसभर करते तरी काय वं?"

"भित सांभायते," मी म्हणायची आणि त्या फिदीफिदी हसायच्या.

उन्हाळ्याच्या शेवटी यांना भिंतीच्या माथ्याजवळ, दगडांच्या फटीत, कमरेएवढा पिंपळ सापडला. बुडाशी मातीचं आळं केलेलं, माती ओली. चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. सासू रोज सकाळी डबा घेऊन धरणाकडे जायची. आम्हाला वाटायचं, बुडालेल्या गावाकडे बघत बसायला जाते. गाव सोडताना तिने जुन्या पिंपळाचं रोप डालड्याच्या डब्यात लावून आणलं होतं. वसाहतीची जमीन सगळी मुरमाची, तिथे काही जीव धरेना. मग तिने ते इथे आणून लावलं होतं.

"माय, ते झाड काढा लागते," हे घरी येऊन म्हणाले.

"काहून?"

"धरनाच्या भितीवर झाड चालत नाई."

"त्या भितीत माती कोनाची हाय? आपल्याच वावरातली कायी माती खंदून नेली ना ट्रकनं? आपल्या मातीत झाड लावाले कोनाले इचारा लागते?"

ते खरंच होतं. बुडणार होती त्याच शेतांतली काळी माती उचलून भिंतीत भरली होती. त्या दिवसापासून मायलेकांनी अबोला धरला. एवढ्याशा खोलीत दोघं, आणि बोलणं माझ्यामार्फत.

"त्याले सांग, भाकर थंडी होऊन राह्यली."

"तिले सांग, भूक नाई."

"मी काय पोस्टमन हाओ काय?" मी एकदा भांडी आपटून ओरडले. दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जिद्दीत दोघं एकाच मापाचे होते.

मात्र यांनी पिंपळ उपटला नाही. बोटाएवढी बाभूळ न सोडणारा हा माणूस त्या फटीपाशी आला की पाण्याकडे तोंड फिरवून पुढे जायचा. भांडणापेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

पावसाळ्याआधी तपासणीला साहेब आले. तरुण होते, बोलायला मऊ. पिंपळ बघून ते रागावले नाहीत. सासूच्या शेजारी दगडावर बसले आणि म्हणाले, "आजी, मूळ पाण्याच्या मागावर भिंतीत शिरतं. झाड कधीतरी वाळतं. मग आतलं मूळ कुजतं आणि त्याच्या जागी पोकळ नळी राहते. पाणी त्या नळीतून चालायला लागलं की माती सोबत घेऊन जातं."

"पिंपय वायत नाई साहेब," सासू म्हणाली. "मानसं वायतात."

साहेब उठले. जाताना यांना एवढंच म्हणाले, "पावसाच्या आत बघा." मला मायलेकांची दोघांचीही दया आली आणि कोणाची बाजू घ्यावी ते कळेना.

यांनी बघितलं नाही. पाऊस आला, धरण भरलं, सांडवा वाहू लागला. एका दुपारी हे भिजलेले, धापा टाकत घरात शिरले आणि थेट फळीवरचा ग्लास उचलून पळाले.

"अवो, तो नाई!" मी मागे धावले. माझ्या मागे सासू.

भिंतीच्या पायथ्याशी, पूर्वी कोणीतरी एक बाभूळ मूळ न काढता तोडली होती त्या जागेजवळ, जमिनीतून पाणी उसळत होतं. यांनी ग्लास भरला आणि आभाळाकडे धरला. मातीचं धरण थोडं पाझरतंच. नितळ पाझरलं तर भ्यायचं नाही. गढूळ आलं तर भिंत आतून वाहून चालली आहे असं समजायचं. ग्लास गढूळ होता. यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. खाली कालवा होता, कालव्यापलीकडे नणंदेचं गाव, आणि तिथे चुलींचा धूर दिसत होता.

एक माणूस सायकलवर साहेबांकडे गेला, दुसरा खालच्या गावाला सावध करायला. तिथले लोक लेकरंबाळं घेऊन उंचावरच्या शाळेत जाऊन बसले. आम्ही बाकीचे रेती वाहू लागलो. अशा वेळेसाठीच तिथे रेती, गिट्टी, दगड रचून ठेवलेले असायचे. पाणी दाबून बंद करायचं नसतं, नाहीतर ते दुसरीकडून फुटतं. रेती टाकायची, वर गिट्टी, वर दगड, म्हणजे पाणी येतं आणि माती मागे राहते.

सासू टोपली न उचलता तशीच उभी होती. तिच्या हातात ग्लास होता. गाळ खाली बसत चालला होता. तिने दोन बोटं आत घातली, माती चोळून पाहिली आणि स्वतःशीच म्हणाली, "हे तं आपली हाय. आपलं वावर जाऊन राह्यलं."

मग तिने ग्लास दगडावर ठेवला आणि अंधार पडेपर्यंत आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त टोपल्या वाहिल्या.

दुसऱ्या दिवशी पाणी नितळ झालं. साहेब म्हणाले, घुशीचं बीळ असेल. यांचं म्हणणं, तोडलेल्या बाभळीचं मूळ. ते नक्की कधी ठरलं नाही. ग्लास तेवढा सासूने गाळासकट आणून फळीवर ठेवला आणि मला घासू देईना. पाहुणे आले, त्यांना पितळी पेल्यात चहा द्यावा लागला. मी आतल्या आत धुसफुसत राहिले.

पाऊस ओसरल्यावर एका सकाळी ती खुरपं घेऊन धरणावर गेली. मी मागोमाग गेले. ती फटीतले दगड काढत होती. हे लांबून आले आणि उभे राहिले.

"त्याले सांग," ती मला म्हणाली आणि थांबली. मग मान वर करून यांच्याकडे पाहिलं. "इकडे ये. मूय तुटू देऊ नको. राह्यलं तं आतमंदी सडन."

दोघं भिंतीवर पालथे पडून उकरत राहिले. मूळ झाडापेक्षा लांब गेलं होतं. टोकापर्यंत काढलं, तेव्हाच यांनी खड्डा माती भरून ठोकून बसवला.

वसाहतीत, नव्या विहारापुढे, यांनी पहारीने मुरूम फोडला. खड्ड्यात नुसते पिवळे खडे. सासूने वाकून पाहिलं, "थांब," म्हणाली आणि घरी गेली. आली ती माझा ग्लास घेऊन. पाणी कधीच आटलं होतं, तळाशी काळी माती उरली होती. ती तिने बोटाने खरवडली, काचेला चिकटलेलीसुद्धा, आणि मुळाभोवती लावली.

मग ग्लास माझ्या हातात दिला.

"घे वं, तुहा ग्लास," ती म्हणाली. "एवढंच वावर परत आलं."