चिंचेचं पाणी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का? – मलाही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं.

आधी तलवारींबद्दल बोलतो. तिथे माझी जीभ सैल सुटते. मी दादरला राहतो. नोकरी माझगावच्या गोदीत झाली, पोलाद तपासण्याच्या खात्यात. कुठलं ठिसूळ, कुठलं चिवट, हे बघण्यात उमर गेली. पहिली जपानी लष्करी तलवार हातात आली ती गिरगावातल्या एका जुन्या घराचं सामान विकायला निघालं तेव्हा. पातं खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि धारेच्या कडेने एक पांढुरकी रेघ दिसली, दुधावर साय धरावी तशी. पात्यावर माती लिंपून, ते तापवून पाण्यात बुडवतात. धारेकडे माती पातळ, पाठीकडे जाड. म्हणून धार कडक होते, पाठ लवचीक राहते, आणि दोन्हींच्या सीमेवर ही रेघ उमटते. मी कितीतरी वेळ तसाच उभा होतो. त्या दिवसापासून मी बिघडलो, असं बायको म्हणते.

मुठीवर रेशमी फीत गुंडाळलेली असते आणि तिच्याखाली पाकटाचं कातडं – हो, आपल्याकडे कालवणात जातो तोच मासा. मुठीच्या आत पात्याचा जो भाग जातो, त्याला मी देठ म्हणतो. बांबूची एक छोटी खुंटी काढली की मूठ निघते आणि देठ उघडा पडतो. घडवणाऱ्याने आपलं नाव तिथे छिन्नीने कोरलेलं असतं. आणि तिथे एकच नियम – देठावरच्या गंजाला हात लावायचा नाही. तो गंज म्हणजे तलवारीचं वय. घासला की गेलं. हे मी किती जणांना ऐकवलं असेल? घरी चहाला आलेल्या माणसालासुद्धा सोडलं नाही.

आता विजू. विजू गोदीत माझ्या शेजारच्या खात्यात होता. राहायला लालबागला, चाळीत. त्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बर्म्याच्या आघाडीवर होते. शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या, त्यातली एक त्यांच्या वाट्याला आली. घरी आणली खरी, पण म्हाताऱ्याला ती कधी पचली नाही. जाताना विजूला म्हणाले होते, “ही आपली न्हय रे. हिचो धनी खंय आसा तो सोधून काढ, नि त्येच्या घराक पोचती कर.” विजू तेव्हा कॉलेजात होता. शोधायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं. नोकरी, लग्न, मुलगा – वर्षं गेली. तलवार पोटमाळ्यावर राहिली आणि दरवर्षी खंडेनवमीला खाली उतरू लागली.

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. घरातली हत्यारं, अवजारं घासूनपुसून पूजेला मांडायची. विजूच्या घरी कोयता, विळी, त्याचा गोदीतला पाना, आणि मधोमध ही तलवार. घासण्याचं काम नंदावहिनींचं. म्हणजे विजूच्या बायकोचं. चिंच, मीठ आणि त्यांचा हात – तांब्याचा गडू असो की लोखंडी कोयता, त्यांच्या हातून सगळं लख्ख व्हायचं. चाळीतल्या बायका आपली देवाची भांडी त्यांच्याकडे आणून द्यायच्या. वहिनींना त्याचा अभिमान होता. लपवायच्या नाहीत त्या.

माझं तलवारींचं वेड कळल्यावर विजूने ती मला दाखवली. पाहिल्याबरोबर कळलं – कारखान्यातली नाही. युद्धात यंत्रावर कापलेली पाती पुष्कळ निघाली, पण काही अधिकारी घरातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून रणावर नेत. हे तसलं होतं. विजूला म्हटलं, दे माझ्याकडे, कुणाची ते वाचून देतो. जपानमध्ये पत्रव्यवहार असलेला माझा एक परिचित होता, त्याला फोटो पाठवायचा होता. विजूचा चेहरा मला अजून आठवतो. “मधू, आजोबांचं एवढं काम झालं ना, तर मी सुटलो रे,” म्हणाला. “फक्त खंडेनवमीच्या आत आणून दे. पूजेला लागते.”

दुपारची वेळ होती. घरात मी एकटा. गॅलरीत कागद पसरून खुंटी काढली, मूठ सरकवली. देठावर काळपट गंज. गंजाखाली कोरलेलं नाव, पुसट. आणि दुसऱ्या बाजूला लाल रंगाने, ब्रशने लिहिलेली अक्षरांची एक ओळ.

मला ती ओळ नको होती. हे नीट ऐका. मला घडवणारा हवा होता. एखाद्या नावाजलेल्या लोहाराचं नाव निघालं तर – कुणाला सांगू, कसं सांगू, याची वाक्यंसुद्धा मनात जुळली होती. लाल अक्षरं म्हणजे कोठारातल्या खुणा असतील असं मी धरून चाललो. फोटो? नाव स्वच्छ दिसू लागलं की काढू म्हटलं. आणि मग जगाला नियम शिकवणारा मी स्वयंपाकघरात गेलो, बरणीतून चिंच काढली, कोळली, आणि देठ घासला. मला थांबवणारं कुणी नव्हतं, आणि मी काही थांबलो नाही.

कोरलेलं नाव निघालं. बऱ्यापैकी लोहार, फार मोठा नाही. मग पातं उलटवलं. चिंचेचा कोळ तिकडेही उतरला होता आणि मी दोन्ही अंगांनी चोळत होतो. लाल ओळ गेली होती. दोनचार ठिपके तेवढे राहिले होते. अशी रंगाने लिहिलेली ओळ कधीकधी मालकाचं नाव असते, हे मला आधी माहीत नव्हतं का? होतं. वाचलं होतं. त्या क्षणी आठवलं नाही म्हणू, की आठवू दिलं नाही म्हणू?

आतून काही हललं नाही. भीती नाही, रडू नाही. मी कागद गोळा केला, हात धुतले, मूठ बसवली, खुंटी ठोकली. आणि तलवार घेऊन लालबागला गेलो. विजूला म्हटलं, वेळ झाला नाही रे, दसरा होऊ दे, मग तुमच्यासमोरच उघडू.

पुढचं मला ऐन वेळी सुचलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. ते वाक्य बोलतानाच मला ठाऊक होतं की मधल्या दिवसांत वहिनी तलवार घासणार आहेत.

दसऱ्यानंतरच्या रविवारी गेलो. वहिनींनी पोहे केले होते. विजूने पाट मांडून त्यावर धुतलेला पंचा अंथरला होता. मी खुंटी काढली, मूठ सरकवली, आणि चेहरा पाडला. मग विचारलं, “वहिनी, तुम्ही ही चिंचेने घासता का?”

“हो, दरवर्षी. पण पातंच हां. मूठ मी कधी काढली नाय, भाऊजी.”

“मूठ काढायला कशाला पाहिजे? चिंचेचं पाणी आत उतरतं. इथे मालकाचं नाव होतं. हे बघा, ठिपके राहिलेत.”

वर्षानुवर्षं पाणी झिरपलं तर देठ गंजेल, असा लख्ख कसा निघेल? पोलादातलं थोडंफार कळणारा कुणीही हसला असता. पण त्या खोलीत पोलाद कळणारा मी एकटाच होतो. वहिनी देठाकडे पाहत राहिल्या. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “मला कुणी सांगितलंच नाय,” एवढंच म्हणाल्या, आणि पोह्यांच्या बशा उचलून आत गेल्या. मी विजूला लोहाराबद्दल सांगू लागलो – कुठल्या प्रांताचा असावा, घडण कशी. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, “आणि माणसाचं काहीच नाही?” मी “नाही” म्हटलं.

विजू वहिनींना रागावला नाही. तो त्यातला नव्हता. त्याने त्या गोष्टीची थट्टा केली. “आमच्या हिने जपान्याचं नाव धुऊन टाकलं,” असं तो चाळीत सांगायचा, गोदीत सांगायचा, मुलाच्या लग्नात व्याह्यांनाही सांगितलं. लोक हसायचे. वहिनीही हसायच्या. मीही. माझी तर साक्ष काढली जायची – विचारा या मधूला. आणि मी मान हलवायचो. मी नामानिराळा राहिलो, आणि वर जाणकार ठरलो.

चाळीतल्या बायकांची देवाची भांडी वहिनींनी घासायला घेणं बंद केलं. कधी, ते मला ठाऊक नाही. हात दुखतात म्हणायच्या.

मागल्या वर्षी विजू गेला. शेवटच्या आजारपणात मी रोज जात होतो. एकदा म्हणाला, “आजोबांचं राहिलंच रे.” वहिनी तिथेच त्याचे पाय चेपत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. आम्ही तिघंच होतो. याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती? – एक वाक्य लागलं असतं. मी उठून खिडकी लावली, वारा येत होता म्हणून.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. तलवार जुन्या चादरीत गुंडाळून तयार होती. “भाऊजी, तुम्हीच न्या. तुमच्याकडे नीट राहील. आमच्याकडे आधीच वाटोळं झालंय तिचं, माझ्या हातून.” मी घेतली. परवान्याचे सोपस्कार पूर्ण केले. आता ती माझ्या कपाटात आहे, आणि खोटं काय सांगू, संग्रहातलं सगळ्यात देखणं पातं तेच आहे. उजेडात धरतो तेव्हा मला ती रेघ आवडते. आजही आवडते. शरम वाटायला हवी हे कळतं, पण वाटत काही नाही. बधिर झालेल्या जागी चिमटा काढावा तसं होतं.

यंदा खंडेनवमीला वहिनींचा फोन आला. दरवर्षी विजू करायचा, म्हणून त्यांनी केला. पूजा झाली म्हणाल्या. सुनेने सगळं घासलं, सुनेने मांडलं. “मी आता कशालाच हात लावत नाय, भाऊजी. बाजूला बसून राहिले. उगाच परत काय नासायला नको.”

“बरं केलंत,” मी म्हणालो.