टॉवेलखालचा सौदा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते. न्हाई तर पुढचं खरं वाटायचं नाही.

भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. ज्याच्या घरी खोली मोकळी, त्यानं ती शिकायला आलेल्या पोरांना भाड्यानं दिली; मोकळी नसली तर मोकळी केली. अशा खोल्यांतले काही म्हातारे आमच्या वृद्धाश्रमात आले. मी तिथं नर्स होते.

त्यात एक शेठजी होते, मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, जुने आडते. शेतकऱ्यांची तूर विकून देण्यात जन्म गेलेला. आता स्वतःचं घर कुठलं तेही आठवत नव्हतं. तसा माणूस म्हणजे गरीब गाय. पण आंघोळीनंतर टॉवेलनं हात पुसायला घेतले की माझी बोटं धरून कचकन पिळायचे. मी हात ओढला की फाडकन ठेवून द्यायचे. एकदा तर माझ्या बांगड्याच फुटल्या. मी तणतणत डॉक्टरांकडं गेले, "साहेब, ह्यांना गोळी द्या, न्हाई तर मला सुट्टी द्या!"

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. शेठजी शांत झाले. लईच शांत झाले. मान छातीवर, तोंडातून लाळ, जेवणाचं भान नाही, चालताना दोनदा पडता पडता वाचले. आणि एवढं करून बोटं पिळणं काही थांबलं नाही! डॉक्टर म्हणाले, "सोमवारी बघू. असंच असलं तर डोस वाढवू." आणखी वाढवला तर हा माणूस खाटेवरून उठणार नाही, हे मला दिसत होतं. सुरुवात तर मीच करून दिली होती.

रविवारी दाढी करायला न्हावी चाचा आले. सारी उमर मोंढ्याच्या फाटकाशी दुकान मांडून बसलेला माणूस. त्यांनी शेठजींच्या अंगावर कापड टाकलं, तसा शेठजींनी कापडाखाली त्यांचा हात धरला.

"चाचा, संभाळा! मारतेत!" मी ओरडले.

चाचा हात न काढता हसायला लागले. "मारत न्हाईत ओ सिस्टर, सौदा करायलेत. पहिले मोंढ्यात रुमालाखाली बोटं दाबूनच भाव ठरायचा. चारचौघांत तोंडानं बोलायचा न्हाई. तुम्ही टॉवेल टाकता, बोटं देता अन् मधीच हात काढता. भरल्या बाजारात असली बेअदबी कोण खपवून घेईल?"

कपाळावर हात मारून घेतला मी. माझं माहेर औशाचं. बाप दर हंगामाला तूर घेऊन ह्याच मोंढ्यात यायचा. ही रुमालाची गोष्ट लहानपणी शंभरदा ऐकलेली, अन् डोक्यात आली नाही!

सोमवारी आंघोळीनंतर टॉवेलखाली हात दिला आणि तिथंच ठेवला. शेठजींनी दोन बोटं दाबली. मी त्यांची तीन दाबली. त्यांनी डोळे वटारले, मीही वटारले. भांडणात मी कुणाला हार जात नाही. शेवटी त्यांनी माझ्या तळहातावर थाप मारली आणि गपगुमान सदरा घालून घेतला. डॉक्टर दारातून बघत होते. त्यांना सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही. ते म्हणाले, "एकदम बंद नको. थोडी थोडी कमी करू."

महिनाभरात शेठजींची मान वर आली. आमचे सौदे रोज रंगायला लागले. एक दिवस बोटं दाबता दाबता ते थांबले आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"पोरी, सकाळपासून काही खाल्लंस का न्हाई?"

"न्हाई, शेठजी."

"मग सौदा राहू दे. आधी जेव."

एवढी विचारपूस करणारा माणूस आत जागा होता, आणि मी त्याला झोपवून ठेवलं होतं. मोरीत जाऊन पोटभर रडले. मग आले आणि त्यांच्या समोर बसून जेवले.