लिमये सरांचं डोकं आणि वही नंबर दोन

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात गणित विभागात माणसं तीन आणि किस्से तीनशे! ऐंशीच्या दशकातले. जुनं कुणी भेटलं की एक निघतो, त्याच्यामागून दुसरा, आणि चहा पार गार होतो.

विभागप्रमुख लिमये सर. मेंदूच्या लहरी गणितात बसवायच्या, हे त्यांचं वेड. त्यासाठी मुंबईच्या एका संस्थेकडून वर्षभरासाठी कॉम्प्युटर मागून आणलेला. वर्षअखेर काही दिसलं नाही तर मशीन परत! सरांचा सगळा जीव त्यात अडकलेला.

घरी ते वहिनींना समजावत होते, "मेंदू नॉनलिनियर असतो. एवढंसं काही बदललं की पुढं काय होईल सांगता येत नाही."

वहिनी म्हणाल्या, "हे कळायला कॉम्प्युटर कशाला? आमटीत मीठ कमी पडलं की मी रोज बघत्येय!"

*

पहिला आलेख सरांच्याच मेंदूचा. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी बजावलेलं, डोकं स्वच्छ धुऊन या. सर खोबरेल थापून हजर! डोक्याला लावलेल्या तारा एकेक करून घसरायला लागल्या. दोनदा शिकेकाईनं धुतल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता डोळे मिटा. कसलाही विचार करू नका."

तरी कागदावर पेनचा थयथयाट चालूच.

"सर, काय करताय?"

"विचार येऊ नयेत म्हणून सतराचा पाढा उलटा म्हणतोय."

*

त्या रेघा पट्टीनं मोजून आकडे वहीत उतरवायचे, हे काम माझं. मी नवी लेक्चरर. आकड्यांपुढं मी 'मिलिमीटर' लिहिलं, तर सर भडकले. "बाई, गणिताला आकडा पुरे! तो कुठून आला याच्याशी आपल्याला काय करायचंय?" मग वहीवर नावसुद्धा नाही. नुसतं 'वही एक'.

आमचा तिसरा गडी पारकर. त्याच्या वहीत मिरकरवाडा बंदरातल्या भरती-ओहोटीचे आकडे. ती 'वही दोन'. त्यावरून तो आपल्या मच्छीमार चाचांना बोट खाडीबाहेर काढायच्या वेळा सांगायचा. चाचा हसायचे, "पोरा, जरा पाण्याकडं पण बघ की!"

*

मुंबईचे पाहुणे मशीनचा निकाल लावायला यायचे होते. आठवडाभर आधी सरांनी हौसेनं वह्यांना नवी कव्हरं घातली आणि वर नंबरही स्वतःच टाकले.

पाहुणे आले. पडद्यावरची आकृती बघून थक्कच झाले. "इतका शांत, इतका नेमका मेंदू मी पाहिला नाही! कुणाचा?"

सर फुलून म्हणाले, "माझा!"

मागून पारकर अडखळत म्हणाला, "सर... ही मिरकरवाड्याची भरती आहे."

गेलं मशीन! सर मटकन खाली बसले.

तेवढ्यात पारकरच ओरडला, "अरे देवा! वह्यांचे नंबर उलटे पडले! मग आठवडाभर चाचांना मी सरांच्या डोक्यावरून वेळा देतोय?"

चाचा पाहुण्यांसाठी पापलेट घेऊन दारातच उभे होते. पाहुण्यांनी घाबरून विचारलं, "बोट कुठं अडकली नाही ना?"

"अडकते कसली! ह्या आठवड्यात लागलं तसं म्हावरं सालभरात नाय लागलं. आता एवढंच करा, सरांचं डोकं बदलू नका!"

पाहुण्यांनी हसून हसून डोळे पुसत मशीनच्या पुढच्या वर्षाच्या कागदावर सही केली.