टोपण आपल्याकडे

बाबांच्या शाईपेनाला टोपण नव्हतं आणि निबखालची जीभही तुटली होती. दुकानातल्या काकांनी नवी जीभ बसवली आणि जुन्या टोपणांचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"मूळचं कुठं गेलं?"

"हरवलं," मी म्हणालो.

बाबा पोस्टात, बँकेत कुणालाही पेन द्यायचे, पण टोपण स्वतःच्या खिशात ठेवून. टोपण आपल्याकडे असलं की पेन परत येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करायला मला पेन दिलं, तेव्हाही टोपण सदऱ्याच्या खिशात टाकलं. पेन परत द्यायचं राहून गेलं. बाबा गेल्यावर तो सदरा मीच, खिसा न बघता, बाकीच्या कपड्यांबरोबर देऊन टाकला. तेव्हा काही वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नाही. वस्तू दुरुस्त होते; ती परत कुणाला द्यायची, ते मात्र कुणी सांगत नाही.

डब्यातलं एक टोपण घट्ट बसलं. रंग जरा वेगळा आहे.

शेजारच्या गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर फोन नंबर लिहायला पेन मागितलं. मी दिलं. लिहून झाल्यावर त्याने ते परत केलं आणि तो काउंटरवर टोपण शोधू लागला.

ते माझ्या खिशात होतं.