देव पुढं, सामान मागं

शांतलिंग जळालेल्या मोटारी भरतो. अणदूरच्या पेठेत त्याचं पत्र्याचं दुकान आहे. बोअरमधून उपसलेली, काळी पडलेली मोटार त्याच्यापुढं येते. तो तिच्या पोटातली जळकी तार काढतो आणि नवी तांब्याची तार वेढे मोजत घालतो. वेढे मोजताना तो कुणाशी बोलत नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी उभं राहतं.

मी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. मराठी घेऊन बी.ए. केलं, आता शिकवण्या घेतो. संध्याकाळी त्याच्या दुकानात चहाला जातो. गेल्या मार्गशीर्षात मी जे बघितलं, ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणून लिहितो आहे.

आधी गेमचं सांगायला हवं.

शांतलिंग नववीत असताना त्याच्या मामानं सोलापूरहून टीव्हीला जोडायचा गेम आणला. एक डबा, दोन रिमोट, चार कॅसेटी. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत पेंडीची पोती होती. पोत्यांवर बसून खेळायचं. खेळणारे दोघं, बघणारे सहा. घाम बघणाऱ्यांनाच जास्त यायचा. कॅसेट चालली नाही की प्रत्येक जण तिच्यात आपली फुंकर मारून बघायचा. कुस्तीच्या गेममध्ये ज्याचा पैलवान पडायचा तो स्वतःही पोत्यावर आडवा व्हायचा. कोपर मारायला मुभा होती, चावायला नव्हती. भर दुपारी लाइट जायची. पडदा काळा झाला की कोण जिंकत होतं यावर भांडण सुरू व्हायचं, आणि ते लाइट आली तरी मिटायचं नाही. मला रिमोट क्वचित मिळायचा. पण कुणाच्या तरी गुडघ्याला टेकून मी त्या खोलीत असायचो. तेवढ्यानं भागायचं.

बसवेश नळदुर्गचा. शाळेला अणदूरला यायचा, शांतलिंगच्या बाकावर बसायचा. कुस्तीच्या गेममध्ये या दोघांच्या तोडीचं तिसरं कुणी नव्हतं. गेम शांतलिंगच्या घरी, म्हणून सराव त्याचा जास्त, ही बसवेशची कायमची तक्रार. तिच्यावर त्यांनी जो तोडगा काढला तो आमच्या दोन गावांच्या पोरांनाच सुचला असता. आमचा खंडोबा एक आणि देवळं दोन. देव वर्षातले दहाएक महिने अणदूरला असतो, उरलेले नळदुर्गला. देव न्यायचा म्हणजे दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. हे आम्ही कळायला लागल्यापासून बघत आलेलो. पोरांनी गेमचा करार केला.

वहीचं पान, शांतलिंगचं अक्षर. देव नळदुर्गला गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी गेम टीव्हीसकट न्यायचा. चालत न्यायचा. देव पुढं, सामान मागं. पोचल्यावर मुक्कामाच्या गावानं सामान जोडून, खेळून, तपासून घ्यायचं आणि मगच सही करायची. सही झाल्याशिवाय आणणाऱ्यानं माघारी फिरायचं नाही. खाली दोघांच्या सह्या, आणि साक्षीदार म्हणून माझी.

नऊ वर्षं हा करार पाळला गेला. मग बसवेश पुण्याला गेला, चाकणला एका कंपनीत मशीन दुरुस्तीच्या कामाला लागला.

पुढं दर मार्गशीर्षात शांतलिंग त्याला फोन करायचा. सामान तयार आहे, म्हणायचा. बसवेश हसायचा. त्यानं मोठा पडदा घेतला होता, नवा गेम घेतला होता. तू ऑनलाइन ये, इथं अख्ख्या जगाशी खेळता येतं, असं सांगायचा. शांतलिंग एकदा माझ्या फोनवरून गेला. कानात हेडफोनचे बोळे घालून अर्धा तास खेळला. मग बोळे काढून माझ्या हातात दिले. त्याचं म्हणणं एवढंच की आवाज येतो, पण बसवेश हरल्यावर तोंड कसं करतो ते दिसत नाही. त्यानंतर तो गेला नाही. फोन मात्र दर वर्षी करत राहिला.

गेल्या वर्षी श्रावणात कंपनीनं बसवेशला कमी केलं. तो नळदुर्गला परत आला आणि खोलीत शिरला. आम्हाला हे कळलं ते त्याच्या आईकडून. जगदेवीकाकू एक दिवस मिक्सर घेऊन शांतलिंगच्या दुकानात आल्या. शांतलिंगनं मिक्सर उघडला, फिरवला, बंद केला. मिक्सरला काही झालेलं नव्हतं. त्यानं स्टूल पुढं सरकवलं आणि मला चहा सांगायला पाठवलं.

मी परत आलो तेव्हा काकू बोलत होत्या. बसवेश दिवसभर दार लावून असतो. कुणाचा फोन घेत नाही. आतून गेमचा आवाज येतो, कधी इंग्रजीत बोलल्याचा. कुणाशी बोलतो ते माहीत नाही. पाहुणे आले तरी बाहेर येत नाही. डॉक्टरचं नाव काढलं तर दोन दिवस जेवत नाही.

"दाराबाहिर ताट ठेवतो आमी," त्या म्हणाल्या. "ताट आत जातंय, रिकामं बाहिर येतंय. लेकरू दिसत न्हाय, बाबा. चार महिनं झालं."

मला वाटलं शांतलिंग धीर देईल. त्यानं विचारलं, देव कधी निघणार.

पुढचे आठ दिवस तो दुकान लवकर बंद करत होता. टीव्ही काढला. चौदा इंची, मागं मोठं पोट असलेला. त्याचा आवाज गेला होता, तो आणला. एका रिमोटची वायर कुरतडलेली होती, ती बदलली. मी म्हणालो, बसवेशकडं भिंतीएवढा पडदा आहे, नुसता डबा नेऊ. त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी टीव्हीला धरायला पुढं झालो.

देव गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. टीव्ही आळीपाळीनं खांद्यावर. रस्त्यावर भंडारा सांडलेला होता. नळदुर्गहून दर्शन घेऊन परतणारी माणसं भेटत होती. एका म्हाताऱ्यानं आम्हाला थांबवलं.

"देवाला आता टीव्ही बी लागतोय का रं?"

"देवाचा न्हाय, आजोबा," शांतलिंग म्हणाला. "मानकऱ्याचा हाय."

म्हाताऱ्यानं टीव्हीवर चिमूटभर भंडारा टाकला आणि पुढं गेला.

बसवेशच्या घरी पोचलो. काकूंनी पाणी दिलं. शांतलिंग बंद दारापुढं मांडी घालून बसला. टीव्ही शेजारी ठेवला. त्यानं हाक मारली नाही, कसा आहेस विचारलं नाही. खिशातून कागद काढला आणि मोठ्यानं वाचायला लागला. पूर्ण वाचला. माझं नावही वाचलं. मग म्हणाला, "सामान आलंय. सही पायजे."

आतला गेमचा आवाज थांबला. आणखी काही झालं नाही.

आम्ही बसलो. काकूंनी मुरमुऱ्यांचा सुशीला केला, आम्ही तो दारापुढंच खाल्ला. शांतलिंग काकूंना पावसाचं विचारत होता, तुरीचं विचारत होता. जसं काही आम्ही सहज आलो आहोत. मला पाठीला रग लागली होती. तास तरी गेला असेल.

"कागद दाराखालनं सरकव," आतून आवाज आला. मला तो ओळखू आला नाही.

"तपासल्याबिगर सही घेता येत न्हाय," शांतलिंग म्हणाला. "करारात तूच घातलंयस ते."

"मी न्हाय घातलं. तू घातलास."

"मी लिवलं. घातलंस तू. करार करताना, कॅसेट बिघडलेली निघाली तर काय, म्हणून रडलास न्हाय का?"

बऱ्याच वेळानं कडी वाजली.

बसवेश वाळला होता. दाढी छातीवर आलेली. खोलीला कोंदट वास होता. शांतलिंगनं खोलीकडं बघितलं नाही, बसवेशकडंही फारसं नाही. टीव्ही उचलून आत नेला, प्लग शोधला. कॅसेट लागली नाही. त्यानं फुंकर मारली. लागली नाही. मग न बोलता बसवेशपुढं धरली. बसवेशनं फुंकर मारली आणि गेम सुरू झाला. काकू दारात उभ्या होत्या. शांतलिंगनं मला डोळ्यानं खुणावलं. मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन आलो.

दोघं खाली बसले, खांद्याला खांदा लावून. कुस्ती लागली. पहिला डाव बसवेशनं जिंकला. दुसराही. तिसऱ्यात शांतलिंगचा पैलवान उभाच राहिला नाही. बसवेशनं रिमोट आपटला.

"दया दाखवायला आलास व्हय?" तो म्हणाला. "मुद्दाम हरतोस. मला काय येडा समजलास? उचल तुझं सामान."

तो उठायला लागला. मला वाटलं, संपलं. आता हे दार पुन्हा उघडणार नाही.

शांतलिंग बसूनच होता. त्यानं उजवा हात बसवेशपुढं धरला.

"मुद्दाम न्हाय," तो म्हणाला. "अंगठा गेलाय."

बसवेशला कळलं नाही. मलाही. अंगठा तर जागेवर होता. मग शांतलिंगनं दोन वाक्यांत सांगितलं. बोअरमधून मोटार ओढताना साखळीत अंगठा सापडला, आतली शीर तुटली. दिसायला आहे, पण बटण दाबलं गेलं की नाही ते त्याला समजत नाही.

मी रोज त्याच्याबरोबर चहा प्यायचो. तो डाव्या हातानं तार ओढतो हे मी बघितलं होतं. का ओढतो ते मी कधी विचारलं नव्हतं.

बसवेश परत खाली बसला. सहीसाठी आणलेला पेन त्यानं उचलला आणि टोक शांतलिंगच्या अंगठ्यावर टेकवलं.

"इथं?"

"न्हाय."

"इथं?"

"न्हाय."

त्यानं पेन जोरात दाबला. शांतलिंग टीव्हीकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. बसवेशनं झटकन पेन मागं घेतला. अंगठ्यावर निळा ठिपका राहिला होता.

"कधीपासनं?"

"दोन वर्षं हुतील."

"मला का न्हाय सांगितलास?"

"तू तरी कुठं सांगितलास?"

टीव्हीवर पैलवान एकमेकांपुढं नुसते डुलत होते. बसवेशनं शांतलिंगचा रिमोट घेतला. उलटा केला, सुलटा केला. चाकणला तो मशीनच दुरुस्त करायचा. त्याच्या बोटांना काम सापडलं होतं. अंगठ्याची दोन बटणं बंद करू, तो म्हणाला. वरच्या कडेला, पहिल्या बोटाजवळ, दुसरी दोन बसवू. वायरी आतून फिरवता येतील. भोक पाडायला खिळा तापवला तरी चालेल.

"बटणं हाईत का तुझ्याकडं?" त्यानं विचारलं. "बारकी. दाबायची."

शांतलिंगच्या पिशवीत असली बटणं कायम असतात. डबीभर असतात. ती पिशवी माझ्या पायाशी होती. मी वाकलो. शांतलिंगनं पायानं पिशवी हळूच पलंगाखाली ढकलली.

"न्हाईत," तो म्हणाला. "इथं मिळतेत का?"

"स्टँडजवळ मोबाईलवाला हाय. त्याच्याकडं असतेत."

"समर्थला पाठव."

मी उठलो. बसवेशनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्याला काय कळतंय?" तो म्हणाला. "कायबी आणंल."

तो उभा राहिला. पायात घालायला काही शोधलं, सापडलं नाही. दारातल्या आईच्या चपला घातल्या. रिमोट हातात घेतला, मापासाठी. आणि बाहेर पडला.

काकू चहाचे कप घेऊन येत होत्या. तो त्यांच्या अंगावरून गेला. त्या वळून बघत राहिल्या. अंगणातून तो रस्त्यावर गेला. उन्हानं त्यानं डोळ्यावर हात धरला. मग डावीकडं वळला.

"कुठं गेला ओ?" काकूंनी अगदी हळू विचारलं.

"स्टँडवर," शांतलिंग म्हणाला.

त्या उंबऱ्यावर बसल्या. कप हातात तसेच. शांतलिंगनं पुढं होऊन ते काढून घेतले, एक मला दिला. मग तो टीव्हीपुढं जाऊन बसला. मी विचारलं, हे सगळं तू ठरवून केलंस का. अंगठ्याचंही?

तो रागावला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "न्हाय रं. मला वाटलं हुतं, जमंल अजून."

चहा पिऊन झाला. त्यानं उरलेला रिमोट डाव्या हातात धरला, एकटाच खेळून बघायला लागला. दर डावाला हरत होता. बाहेरून चपलांचा आवाज आला तेव्हा काकू उठल्या आणि भाकरी टाकायला आत गेल्या, चौघांच्या.