गुलाब पाडणारं प्लग-इन

कर्जतला माझा फोटो स्टुडिओ आहे. फोटो सजवायच्या सॉफ्टवेअरला मी हौसेनं इतकी प्लग-इन, म्हणजे वरून जोडायच्या करामती, लावली होती की विचारू नका. नवरी गोरी करणारं, मागं बर्फाचे डोंगर लावणारं, आभाळातून गुलाब पाडणारं! त्यामुळं सॉफ्टवेअर उघडणं म्हणजे लग्नाची पंगत. सगळे पाहुणे बसल्याशिवाय वाढायला सुरुवातच नाही. बायको म्हणायची, "अहो, निम्मी तरी काढा!" मी ऐकतोय कशाला.

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या. एक बाई सासूला आणि लेकीला घेऊन आत आली. लेक शाळेसाठी आजीजवळ राहणार, आई कारखान्यावर निघालेली.

"भाऊ, हिचा फोटू द्या. उसाच्या फडात मोबाईल टिकत न्हाई. पन लवकर, टॅक्टर सुटाया आलाय."

फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि लाईट गेली. लगेच आलीही, पण कॉम्प्युटर बंद पडायचा तो पडलाच. पुन्हा चालू केला, तर सॉफ्टवेअर एकेका प्लग-इनचं नाव दाखवत बसलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय. बाई दाराकडं बघायची, मग लेकीकडं. माझं डोकंच फिरलं. "खड्ड्यात गेले ते गुलाब!" सॉफ्टवेअर बंद केलं, प्लग-इनचं अख्खं फोल्डर उचलून दुसरीकडं टाकलं आणि पुन्हा क्लिक केलं.

आणि काय सांगू, उघडलंसुद्धा! माऊसवरून हात काढायच्या आत. इतकी वर्षं ज्याला ठोंब्या म्हणून शिव्या घातल्या, ते मुळात इतकं चपळ होतं? मी खुळ्यासारखा बघतच राहिलो.

"बघताय काय, छापा की!" बायको ओरडली.

छापला. बाईनं फोटो पदराखाली घेतला आणि निघाली, तोच लेक म्हणाली, "अन् मला आईचा?"

बाई दारातच थांबली. "माझा कशाला गं?" म्हणाली खरी, पण हात केसांवरून फिरला. पुन्हा हॉर्न.

"बसा ताई, आत्ता होतंय," मी म्हणालो, आणि खरंच झालं. उन्हानं रापलेला, काहीही न लावलेला तो चेहरा कागदावर आला. असा चेहरा मी आजवर छापलाच नव्हता.

ट्रॅक्टर हलला. आई ट्रॉलीतून हात हलवत होती. पोरीनं आजीचा हात सोडला आणि दोन्ही हातांनी तो फोटो उंच धरला, आईला दिसावा म्हणून, ट्रॅक्टर वळेपर्यंत.