सुगंधाबाईच्या जळवा

माझी सासू सुगंधाबाई जळवा लावायची. तीर्थपुरीच्या आसपासच्या दहा-बारा गावांत कुणाला गळू झालं, कुणाचा पाय सुजला, की तिला बोलावणं यायचं. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती ती, दवाखाना म्हणजे थेट जालना. तोंडाला फडकं बांधलेलं गाडगं काखेत घेऊन ती निघायची आणि माझे सासरे बिरू काठी टेकत तिच्यापुढे चालायचे. माझे मालक मेंढरांमागे वर्षातले आठ महिने रानोमाळ, म्हणजे घरात आम्ही तिघंच. मी तोंडाळ होते, आजही आहे. सासूला तोंडावर आत्याबाई म्हणायचे आणि माघारी एकेरीच बोलायचे. तरी तिची आठवण निघाली, की आधी मला तिच्या डोळ्यांतली भीती आठवते.

जळू रक्त पिऊन गळून पडली, की त्या इवल्याशा जखमेतून रक्त झिरपत राहतं, तासन्‌तास. घरच्या बाया रडकुंडीला येतात. आत्याबाई मात्र खुशीत असायची. फडकं भिजलं की दुसरं लावायचं, "वाहू द्या, चांगलं ऱ्हातंय," म्हणायचं आणि तंबाखू मळत बसायचं. पण एखाद्याच्या अंगावरून जळू सुटली की रक्त तिथल्या तिथं थांबायचं, काळपट गुठळी व्हायची. मंडळी हात जोडायची, काय हलका हात आहे बाईचा! अशा दिवशी ती घरी येऊन भाकरीला शिवायची नाही. मला वाटायचं, ही नसती थेरं.

एकदा मी खनपटीलाच बसले, तेव्हा तिनं सांगितलं. वीस वर्षांत असे सात जण तिनं पाहिले होते. सगळ्यांचं सारखंच. आधी पायाची एखादी शीर दोरीसारखी कडक व्हायची, लाल आणि गरम. आठ-दहा दिवसांत ती निवायची आणि मग दुसऱ्या पायात, नाहीतर दंडात तसंच उठायचं. जळू लावावी तर रक्त थिजायचं. आणि वर्ष सरायच्या आत माणूस जायचा, पोटात गाठ निघून. त्यातल्या तुळजाबाईला तिनं स्वतः बैलगाडीत घालून जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जळवांचं मला ठाऊक नाही, पण फिरत्या शिरेचं आमच्या पुस्तकांत आहे. गाठ आत लपलेली असते. तिच्यामुळे शरीर फसतं, जखम नसताना जखम झाली असं धरून रक्त गोठवत सुटतं. रक्त गोठलं की शीर सुजते, तापते, आणि सूज धुमसत राहिली की गाठीचंच फावतं. उपाय विचारला तर बाई पुढच्या रोग्याकडे वळल्या.

"लोक मला हातगुण हाये म्हणतेत," आत्याबाई म्हणाली, "अन् मला मरण दिसून राह्यलेलं असतं. मलाच कामून दिसावं गं ते?"

त्यानंतर दोन वर्षांनी, ज्येष्ठात, मामंजींच्या पोटरीवर लाल रेघ उठली.

आत्याबाईनं आंबेहळदीचा लेप लावला आणि जळवांचं नाव काढलं नाही. मामंजींनी विचारलं तर आज अमावास्या, उद्या जळवा पिऊन फुगलेल्या, परवा आणखी काही. रेघ निवली. तिनं देवाला नारळ फोडला. मग डाव्या दंडावर तसंच कडक, लाल उठलं. तेव्हापासून ती धुणं धुताना मधेच थांबायची आणि पाण्याकडे बघत राहायची. मामंजीही जेवण अर्धं टाकायला लागले.

शेवटी माझा तोल गेला. "साऱ्या मुलखाला जळवा लावता अन् घरच्या माणसाला लावायला हात कापतो व्हय? एकदा लावा, रगत वाहू द्या, मंग जीव तरी थंड होईल!"

"गाडग्याला हात लावशील तर बघ, इंद्रायणे," ती म्हणाली. इतक्या हळू ती कधी बोलत नसे.

श्रावणात भुजंग नावाच्या शेतकऱ्याचं गळू बघायला ती पलीकडच्या गावी गेली. एक गाडगं घरी राहिलं होतं. मी ते उचललं. रक्त वाहणारच याची मला खात्री होती, माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. मामंजी बाजेवर पडले होते. गाडगं बघून ते उठून बसले.

"लाव," म्हणाले. "मलाबी बघायचंय."

जळू दंडाला चिकटली, भरली, गळून पडली. मी फडकं ठेवलं. थोड्या वेळानं उचललं तर त्यावर एवढासा ठिपका. जखमेवर काळपट गुठळी. मी पाणी लावलं, बोटानं चोळलं. काही नाही.

मामंजी दंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "तुझ्या सासूला कळू देऊ नको, पोरी. ती भिऊन आधीच मरून जाईल. काही लाल असंल तर लाव फडक्याला."

घरात लाल म्हणजे कुंकू. पाण्यात कालवताना माझ्या अंगावर काटा आला. तीन फडकी भिजवली, एक दंडाला बांधलं, दोन बाजेखाली टाकली.

उन्हं कलताना आत्याबाई आली. मला वाटलं, आता आभाळ कोसळेल. ती ओरडली नाही. बाजेखालचं एक फडकं उचललं, चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं.

"बघ की," मामंजी म्हणाले, "दुपारपसून वाहून राह्यलंय."

"व्हय की!" ती मोठ्यानं म्हणाली. "बराबर वाहतंय. बिलकुल भ्याचं काम न्हाई." आणि हसली. मामंजींनी सुटल्यासारखे डोळे मिटले.

मी चुलीपाशी गेले. ती मागोमाग आली आणि माझं मनगट धरलं. तिचा हात गार पडला होता.

"कवा थांबलं?"

खोटं बोलायला मी कधी कमी नव्हते. त्या वेळी जमलं नाही. "जळू सुटली तसंच."

ती बोटांवर महिने मोजायला लागली. कार्तिकापर्यंत आली आणि पुढचं बोट तिला उचलेना.

"मला कळलंय हे त्यायला कळू देऊ नको," ती म्हणाली. "मी हसत ऱ्हाते. तूबी हास."

मामंजी पौषात गेले, पोटाला हात लावू देत नव्हते इतकं दुखायचं. तोवर ती दोघं रोज एकमेकांसमोर हसत होती, आणि मी मधे भाकऱ्या थापत बसायचे. त्या हसण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी त्यांच्या मरणाचीही वाटली नाही.